गाण्याचा कप्पा कोण ठरवतं?

२९ जून १९८७ च्या संध्याकाळी लंडनमधल्या ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ नावाच्या पबमध्ये काही मंडळी जमली. कुणी छोट्या रेकॉर्ड कंपनीचा मालक, कुणी संगीतावर लिहिणारा पत्रकार, कुणी मैफिलींचा आयोजक. आफ्रिकेतल्या, पूर्व युरोपातल्या, आशियातल्या गायकवादकांच्या रेकॉर्ड ही मंडळी काढत होती. रेडिओवर त्या वाजत, वर्तमानपत्रांत त्यांचं कौतुक होई, पण गिऱ्हाईक दुकानात गेलं की रेकॉर्ड काही त्याच्या हाती लागत नसे. ती कुठल्या खणात ठेवायची हेच दुकानदाराला कळत नव्हतं. रॉक नाही, जॅझ नाही, लोकसंगीत म्हणावं तर तिथे इंग्लंडची आपली जुनी गाणी बसलेली. मग बैठकीत नावं सुचवली गेली: ‘ट्रॉपिकल’, ‘हॉट’, ‘वर्ल्ड बीट’. शेवटी ठरलं ‘वर्ल्ड म्युझिक’. सुमारे साडेतीन हजार पौंडांची वर्गणी काढून या नावाच्या पाट्या छापल्या आणि दुकानादुकानांत वाटल्या.

संगीताचा एक अख्खा प्रकार अशा रीतीने पबमध्ये हात वर करून मंजूर झाला. त्यात सुरांचा, तालाचा, वाद्यांचा काही समान धागा होता का? मुळीच नाही. बल्गेरियातल्या बायकांचं समूहगान आणि पाकिस्तानातली कव्वाली यांच्यात साम्य एवढंच, की दोन्ही लंडनच्या दुकानदाराला परकी. तरीही पाटी चालली. १९९० मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी साप्ताहिकाने या प्रकाराची वेगळी विक्रीयादी सुरू केली आणि १९९२ पासून ग्रॅमी पुरस्कारांत त्याचा वेगळा विभाग आला.

पाटीने काय होतं ते पंडित रविशंकरांच्या पुरस्कारांवरून दिसतं. येहुदी मेन्युहिन यांच्याबरोबरच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला १९६८ मध्ये ग्रॅमी मिळाला तो चेंबर म्युझिकच्या, म्हणजे पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या विभागात. २००२ मध्ये त्यांच्याच ‘फुल सर्कल’ला मिळाला तो वर्ल्ड म्युझिकच्या विभागात. सतारवादक तोच, घराणं तेच. मधल्या चौतीस वर्षांत दुकानात एक नवा खण आला होता, आणि सतार बीथोव्हेनच्या शेजारून उचलून त्यात ठेवली गेली. याला कुणी सन्मान म्हणेल; मला ती पदावनती वाटते.

संगीताचे प्रकार आधी जन्मतात आणि कंपन्या मग त्यांना विकतात, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा क्रम उलटा असतो. विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधायचं असतं, त्या गिऱ्हाइकासाठी तो एक कप्पा तयार करतो, आणि काही वर्षांत गाणारेच त्या कप्प्याच्या मापाने गायला लागतात. याचा सगळ्यात ठसठशीत दाखला विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेत सापडतो.

तिथे रेकॉर्ड विकणाऱ्यांपैकी काहीजण मुळात फर्निचरवाले होते. ब्लूजच्या इतिहासात ज्या ‘पॅरामाउंट’ रेकॉर्डचं नाव आदराने घेतात, ती कंपनी विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची. लाकडी कपाटासारखे ग्रामोफोन खपायचे तर वाजवायला रेकॉर्ड हव्यात, म्हणून त्यांनी रेकॉर्ड काढल्या. १९२० मध्ये ‘ओके’ या कंपनीने मेमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही रेकॉर्ड काढली आणि ती तडाख्याने खपली. कृष्णवर्णीय लोक रेकॉर्ड विकत घेतात, हा कंपन्यांना लागलेला शोध. लगेच त्यांच्यासाठी वेगळ्या क्रमांकांची मालिका निघाली, तिचं नाव ‘रेस रेकॉर्ड्स’. पुढे १९२३ मध्ये अटलांटात राल्फ पिअर या ‘ओके’च्याच माणसाने फिडलिन जॉन कार्सन नावाच्या खेडवळ फिडलवाल्याचं ध्वनिमुद्रण केलं. पिअरला स्वतःला ते गाणं भयंकर वाटलं होतं. पण स्थानिक दुकानदाराने मागवलेल्या प्रती हातोहात संपल्या, आणि दक्षिणेतल्या गोऱ्या गावकऱ्यांसाठी दुसरी मालिका निघाली. तिला पुढे ‘हिलबिली’ नाव पडलं. आजचं कंट्री म्युझिक ते हेच.

दोन मालिका, दोन कॅटलॉग, दोन गिऱ्हाइकं. गावात मात्र असं काही नव्हतं. काळे वादक फिडल आणि बँजो वाजवत, गोऱ्यांच्या नाचांना साथ करत. बँजो तर मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी घडवलेलं वाद्य. ब्लूजचा महापुरुष मानला गेलेला रॉबर्ट जॉन्सन रस्त्यावर पोल्कासुद्धा वाजवी आणि रेडिओवरची लोकप्रिय गाणीही म्हणे, असं त्याच्याबरोबर भटकलेल्या जॉनी शाइन्सने सांगून ठेवलंय. पण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काळ्या वादकाकडून ब्लूज हवा असे आणि गोऱ्याकडून डोंगरातली जुनी गाणी. बाकीचं जे येत होतं ते मेणावर उतरलंच नाही. पुढच्या पिढ्यांनी रेकॉर्ड ऐकल्या आणि त्यांना वाटलं, हे दोन समाज दोन वेगळी संगीतं गात होते. कार्टर कुटुंबाला कंट्रीचं मूळ घराणं मानतात. त्या घराचे प्रमुख ए. पी. कार्टर डोंगराळ भागात गाणी गोळा करत हिंडत तेव्हा त्यांच्याबरोबर लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे, आणि चाली लक्षात ठेवण्याचं काम त्याचं. १९३० मध्ये कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स याच्या ‘ब्लू योडल नं. ९’ मध्ये ट्रम्पेट वाजवला तो लुई आर्मस्ट्राँगने. लेबलवर त्याचं नाव नव्हतं. हिलबिलीच्या कप्प्यात ते बसलं नसतं.

याच पिअरने आणखी एक गोष्ट केली. ध्वनिमुद्रणाच्या पगारापेक्षा गाण्यांच्या हक्कांत जास्त पैसा आहे हे त्याने ओळखलं. पारंपरिक गाण्यावर हक्क सांगता येत नाही आणि दुसऱ्याच्या गाण्याचे पैसे दुसऱ्याला जातात. म्हणून त्याला असे गायक हवे असत ज्यांची गाणी ऐकायला जुनी वाटतील पण कायद्याने नवी असतील. १९२७ साली टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात त्याने काही दिवस तात्पुरता स्टुडिओ थाटला, तेव्हा कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स दोघंही त्याला सापडले, आणि दोघांनाही ही अट पुरी करता येत होती. आठवणींनी ओथंबलेली, जुन्या घराची हुरहूर लावणारी पण ताजी लिहिलेली गाणी हे कंट्रीचं जे रूप आपण ओळखतो, त्यामागे स्वामित्वहक्काचा हिशोब आहे. त्यामुळे ती गाणी खोटी ठरत नाहीत. पण ती ‘मातीतून आपोआप उगवली’ असं म्हणणं भाबडेपणाचं होईल.

कप्प्यांची नावं नंतर सभ्य झाली. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ने ‘रेस रेकॉर्ड्स’ हे शीर्षक काढून जेरी वेक्सलर या आपल्या वार्ताहराने सुचवलेलं ‘रिदम अँड ब्लूज’ घातलं. भिंत मात्र जागेवरच राहिली.

आता दुसरा प्रश्न. एखादं गाणं लोकप्रिय आहे हे कुणी मोजलं, आणि कसं? अमेरिकेत १९९१ पर्यंत विक्रीच्या याद्या दुकानदारांना फोन करून तयार होत. काय खपतंय? दुकानदार आठवून, अंदाजाने, कधी कंपनीच्या माणसाच्या आग्रहाखातर सांगे. मे १९९१ मध्ये ‘साउंडस्कॅन’ ही पद्धत आली: गल्ल्यावर बारकोड वाचला जाईल तीच विक्री. काही आठवड्यांत यादीचा चेहरा पालटला. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, सप्टेंबरात गार्थ ब्रूक्सचा कंट्री अल्बम आला तो थेट पहिल्या स्थानी. एका उन्हाळ्यात अमेरिकेची आवड बदलली नव्हती. उपनगरांतल्या आणि छोट्या शहरांतल्या दुकानांत जे आधीपासून खपत होतं ते आता दिसू लागलं होतं. पण दिसू लागल्यावर कंपन्यांनी तिकडे पैसा वळवला, रेडिओने ती गाणी जास्त वाजवली, आणि मग आवडही खरोखरच बदलली.

आपल्याकडे मोजणीचा प्रश्न फार मजेदार रीतीने आला. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर हे मूळचे पुण्याचे आणि शास्त्रीय संगीताचे कट्टर भक्त. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं हद्दपार झाली. श्रोत्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षअखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि काही काळाने तिचं रूप क्रमवारीच्या कार्यक्रमात झालं. क्रम लावायचा तर आधार काय? रेकॉर्डची विक्री. पण गाणं फारच गाजलं की दुकानातल्या रेकॉर्ड संपत, नव्या येईपर्यंत विक्री शून्य, आणि गाजलेलं गाणं यादीत खाली घसरे! म्हणून गावोगावच्या श्रोतासंघांची पसंतीही धरायला सुरुवात झाली. टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी चाललेल्या कार्यक्रमात निवेदक अमीन सयानींच्या आवाजातली ‘पायदानं’, म्हणजे क्रमवारीतल्या पायऱ्या, ऐकायला बुधवारी रात्री लोक रेडिओभोवती बसत आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जात. मोजमाप हाच प्रचार झाला होता.

केसकरांच्या धोरणाचा दुसरा परिणाम कमी बोलला जातो. चित्रपटगीतांना पर्याय म्हणून आकाशवाणीने स्वतःच कवी आणि संगीतकार हाताशी धरून गाणी करवून घेतली. ‘सुगम संगीत’ हा आकाशवाणीचा कप्पा आहे: त्याची स्वरचाचणी असते, त्यात श्रेणी मिळते, त्यावर मानधन ठरतं. बाजाराऐवजी सरकारी कार्यालयाने घडवलेला संगीतप्रकार असं त्याचं वर्णन करता येईल. आणि कार्यालयातून काही चांगलं निघत नाही असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून ‘गीतरामायण’ आहेच. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे माडगूळकर-फडक्यांची छप्पन्न गाणी आली ती रेडिओच्या वेळापत्रकामुळेच.

क्रमवारीचा प्रचार किती जोरकस असतो, याचा प्रयोग २००६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची अठ्ठेचाळीस गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली. चौदा हजारांहून अधिक लोक ती ऐकायला आले. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसत. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या ‘जगां’त वाटलं होतं, आणि आपल्या जगातल्या इतरांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलंय हे त्यांना दिसत असे. सगळी जगं शून्यापासून सुरू झाली, गाणी तीच, तरी वेगवेगळ्या जगांत वेगवेगळी गाणी वर आली. एक गाणं एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब पहिल्या काही श्रोत्यांनी कुठे बोट ठेवलं त्यावर ठरलं. हिट गाण्याचं रहस्य सांगणाऱ्या निर्मात्यांनी हा निबंध एकदा वाचावा. अर्थात ते रहस्य सांगतात ते हिट झाल्यावरच.

नशीब आणि मोजणी यांच्यापलीकडे उरतो तो माध्यमाचा आकार. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आले आणि गौहर जान यांनी त्यांच्या भोंग्यासमोर गाऊन शेवटी इंग्रजीत आपलं नाव पुकारलं. रेकॉर्ड जर्मनीत दाबल्या जात, तिथल्या माणसाला लेबल कुणाच्या नावाचं लावायचं ते कळायला हवं होतं. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं बसत. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा मावणार? विलंबित गेला, आलापी गेली. द्रुत बंदिश, ठुमरी, भजन राहिलं. रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकात वन्स मोअरवर वन्स मोअर घेत खुलणारी बालगंधर्वांची पदंसुद्धा रेकॉर्डवर याच मापात आली. काहींनी तर ही कात्री मानलीच नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज रेकॉर्डवर नाही. त्यांच्या शिष्या, गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई ध्वनिमुद्रणाबाबत हात आखडताच ठेवून होत्या. तरी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर गेलेल्या तबकडीवर त्यांचीच भैरवी आहे, आणि तीही साडेतीन मिनिटांचीच. ती सुचवणारे रॉबर्ट ब्राउन हे अमेरिकी संगीतशास्त्रज्ञ. लंडनच्या त्या बैठकीच्या कितीतरी आधी ‘वर्ल्ड म्युझिक’ हा शब्द विद्यापीठात रुळवणारेही तेच.

पण तीन मिनिटांनी नुसतं कापलं नाही, काही घडवलंही. मराठी भावगीत हे त्याचं अपत्य, निदान निम्मं तरी. रविकिरण मंडळाच्या कवींनी १९२० च्या दशकात कविता चालीवर म्हणून दाखवायची प्रथा पाडली होतीच. बोलपट आल्यावर नाटक कंपन्या मोडत होत्या आणि १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात केशवराव भोळ्यांच्या चाली ज्योत्स्नाबाई भोळे हलक्या, बिनतानांच्या गळ्याने गात होत्या. एक मुखडा, तीन-चार कडवी, मध्ये थोडं वाद्य. कविता रेकॉर्डच्या एका बाजूत बरोबर मावते, नाट्यपदासारखी कोंबावी लागत नाही. ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि ती रेकॉर्ड घराघरांत पोचली. पुढे १९३८ मध्ये हेच जोशी एचएमव्हीत नोकरीला लागले आणि अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाच्या काचेपलीकडे बसले. एका बाजूला वीसेक मिनिटं मावणारी लाँग प्ले आल्यावर अमीर खाँसाहेबांचा मारवा एका बाजूला आणि दरबारी दुसऱ्या बाजूला असा निवांत विस्तार शक्य झाला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांना घेऊन १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची निर्मिती केली तीही जोशींनीच. मेंढपाळाच्या दिवसाची गोष्ट रागांतून सांगणारा तो अल्बम तीन मिनिटांच्या तबकडीवर सुचलाच नसता. एकाच माणसाच्या आयुष्यात माप बदललं आणि त्याबरोबर संगीतही.

कॅसेटने केलेली उलथापालथ याहून मोठी. रेकॉर्ड दाबायला कारखाना लागे, कॅसेट छापायला एक खोली पुरे. १९८० च्या दशकात एचएमव्हीची जवळपास मक्तेदारी फुटली. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजने कायद्यातल्या एका मुभेचा पुरेपूर फायदा उठवला: आधी रेकॉर्ड निघालेलं गाणं ठरावीक रॉयल्टी भरून नव्या आवाजात पुन्हा काढता येत होतं. ‘व्हर्जन’ कॅसेटचा धंदा उभा राहिला तो त्यावर. पण महाराष्ट्रात मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. शाहीर वामनदादा कर्डकांसारख्यांनी आणि गायन पार्ट्यांनी वस्त्यावस्त्यांत जागवलेली भीमगीतं, कोळीगीतं, कव्वालीच्या थाटातले सवाल-जवाब यांना आकाशवाणीच्या श्रेणीची किंवा मोठ्या कंपनीच्या परवानगीची गरज उरली नाही. प्रल्हाद शिंदे आणि पुढे आनंद-मिलिंद शिंदे यांचा आवाज रिक्षात, लग्नाच्या वरातीत, एसटी स्टँडवर वाजू लागला. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागत. हे गिऱ्हाईक नवं नव्हतं, आधीच्या दुकानदारांनी त्याला मोजलंच नव्हतं.

आता दुकानच राहिलं नाही. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद ऐकलं गेलं की एक ऐकणं मोजतात, त्याआधी पुढे ढकललं तर काही नाही. एका अभ्यासात अमेरिकेतल्या आघाडीच्या गाण्यांची सुरुवातीची वाद्यसुरावट १९८० च्या दशकाच्या मध्याला सरासरी वीस सेकंदांहून मोठी होती, २०१५ पर्यंत ती पाच सेकंदांवर आल्याचं दिसलं. थांबून वाट पाहणारा श्रोता हिशोबात बसत नाही. २०२४ पासून वर्षात हजारपेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथे पैसेही मिळत नाहीत.

आणि कप्प्यांचं काय? डिसेंबर २०१८ मध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय तरुणाने ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणं इंटरनेटवर चढवताना प्रकाराच्या रकान्यात स्वतःच ‘कंट्री’ निवडलं. २०१९ मध्ये ते कंट्रीच्या यादीत शिरल्यावर ‘बिलबोर्ड’ने, त्यात आजच्या कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत असं म्हणून, ते काढून टाकलं. बँजोचा सूर वाजत असलेलं ते गाणं मग सर्वसाधारण यादीत सलग एकोणीस आठवडे पहिलं राहिलं.

तो रकाना आता आपल्या पोरांपुढेही येतो. नाशिकची रॅप करणारी मुलगी असो, सांगलीचा भजनी मंडळातला गायक असो की लावणीला नवं संगीत देणारा पुण्याचा पोरगा. गाणं जगाला ऐकवण्याआधी त्यांना यादीतून एक प्रकार निवडावा लागतो, आणि कितीतरी ठिकाणी त्या यादीत ‘मराठी’ हाच एक प्रकार असतो, ‘प्रादेशिक भारतीय’ या मोठ्या कप्प्याच्या आतला. रॅप, अभंग आणि लावणी तिघंही त्यात शेजारी बसतात. हुशार पोरं मात्र रकान्यात ‘हिप-हॉप’ लिहितात आणि मुंबई-दिल्लीच्या मोठ्या यादीत शिरायची वाट धरतात. मग पुढच्या गाण्यात हिंदीच्या चार ओळीही येतात.